बोडीच्या पाळीवरून आलेला फोन

तो फोन आला होता. मीच उचलला होता आणि तक्रारही मीच लिहून घेतली होती. सांगायचं एवढंच आहे. पण एवढ्यावरून कोणाला काही कळणार नाही, म्हणून थोडं मागून सांगतो.

चंद्रपुरात वीजवितरणाचं काम ठेक्यावर घेतलेल्या एका कंपनीच्या मदत केंद्रात मी निवृत्त होईपर्यंत होतो. लोक फोन करायचे, आम्ही तक्रार संगणकात टाकायचो. अशा प्रत्येक तक्रारीला तिकीट म्हणत. तिकीट लाइनमनच्या मोबाइलवर जायचं, काम झालं की बंद व्हायचं. बल्लारपूरचा माणूस लाइट गेली की लागोपाठ चार फोन करून शिव्या द्यायचा. चामोर्शीच्या पलीकडच्या एका गावाची तऱ्हा वेगळी होती. गावात मोबाइलला रेंज नव्हती. ती मिळायची बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या पाळीवर, तीही एकाच जागी. तिथून फोन लावायचं काम गावानं एका माणसावर सोपवलं होतं. सोमवार आला की सगळ्या गावाच्या तक्रारी तोंडपाठ करून तो पाळीवर चढायचा.

"लिवा साहेब," अशी त्याची सुरुवात.

"एका दमात किती सांगता भाऊ?"

"मंग काय रोज चढू? माही बायको म्हणते, थ्या साहेबासंगच लगन लाव."

त्या सोमवारी त्यानं आधी एका घराचं मीटर बंद पडल्याचं सांगितलं. मग धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटेवर तार लोंबत असल्याचं सांगितलं. "हात वर केला तं लागते साहेब. बाया डोक्शावर भारे घेऊन जातेत तिथून." मी दोन तिकिटं केली. दुसऱ्यावर 'धोका' अशी खूण केली.

त्याच आठवड्यात आमच्या सर्व्हरवरची सगळी तिकिटं नागपूरच्या नव्या सर्व्हरवर न्यायची होती. ते काम माझ्याकडे आलं. तिकिटांत लोकांचे पत्ते, फोन नंबर, ग्राहक क्रमांक, म्हणून काळजी फार. फाइल कुलूपबंद करायची, सुरक्षित मार्गानंच पाठवायची, पासवर्ड मेलवर न लिहिता नागपूरच्या एकाच माणसाला फोनवर सांगायचा. पोचल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचा ताळा घ्यायचा. तो जुळला की जुनी डिस्क पुसून टाकायची. हे सगळं मी नीट केलं. वाटेत एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही.

पण पाठवण्याआधी दुबार तिकिटं काढून टाका, असं नागपूरनं सांगितलं होतं. त्यासाठी पडद्यावर एक चौकोन होता. एकाच नंबरवरून एकाच दिवशी आलेल्या तक्रारींतली पहिली ठेवायची, बाकीच्या काढायच्या. बल्लारपूरच्या चार फोनांसाठी ते बरोबर होतं. मी खूण करायला गेलो तेव्हा मला बोडीची पाळ आठवली. स्पष्ट आठवली. त्या गावाची तिकिटं वेगळी काढायची तर हातानं बघत बसावं लागलं असतं. मी खूण केली. मग कुलूप लावलं आणि फाइल पाठवली.

धान कापणीच्या दिवसांत त्या वाटेवर तार लागून एक बाई गेली. डोक्यावर भारा होता.

चौकशी आली. तारेची तक्रार आली होती का, असं मला लेखी विचारलं. मी नव्या सर्व्हरवर गावाचं नाव शोधलं. त्या सोमवारचं एकच तिकीट होतं, मीटरचं. मी उत्तर लिहिलं, 'नोंद आढळत नाही.' वाक्यात चूक काहीच नव्हती. मी ते पुन्हा वाचलं, सही केली आणि डबा उघडला. त्या दिवशी वांग्याची भाजी होती, हे मला आठवतं. जेवण नेहमीसारखंच गेलं.

गावात काय झालं ते एका लाइनमनकडून कळलं. फोन केलाच नाही, पाळीवर नुसता बसून आला, असं लोक त्या फोनवाल्या माणसाला म्हणाले. बाईच्या नवऱ्यानं त्याच्याशी बोलणं सोडलं. दोघांची घरं समोरासमोर होती.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. निवृत्तीचा सत्कार झाला, नातवंडं झाली. या हिवाळ्यात मी चामोर्शीच्या बाजारात जाऊन त्या फोनवाल्याला शोधलं. तो मिरच्या विकत बसला होता. मी कोण ते सांगितलं. आवाजावरून त्यानं आधीच ओळखलं होतं.

"तुम्ही फोन केला होता," मी म्हणालो. "मी तक्रार लिहूनही घेतली होती. तिकीट माझ्याकडून गेलं, आणि विचारल्यावर मी सांगितलं नाही."

तो मिरच्या सारख्या करत राहिला. "मी केला होता थे मले मालूम हाय ना साहेब. दुसऱ्यांदाही लावला. तुमच्या हापिसातली पोरगी म्हणे, तुमची तक्रार हाय नोंदवलेली. मीटरची होती थे." मग त्यानं वर पाहिलं. "तुमालेही मालूम होतं, हे नव्हतं मालूम."

त्यानं पोतं जवळ ओढलं.

"मले काऊन सांगता? इथी नका सांगू. तिच्या घरी चाला."

त्यानं मिरच्यांचं पोतं बांधलं. बाजार अजून भरात होता. त्याच्या गाडीवर मागे बसून मी गेलो. बाईचा नवरा अंगणात बांबू फाडत होता. आम्हाला पाहून त्याचा हात थांबला नाही. हा माणूस पाळीवर जाऊन आला, त्यानं तार सांगितली, मी लिहून घेतली, मीच घालवली आणि मीच नाही म्हणालो, हे मी उभ्यानं सांगितलं. मला वाटलं होतं आवाज कापेल. ग्राहकाला तिकिटाची स्थिती सांगावी तसाच तो निघाला.

नवऱ्यानं हातातली कांब शेवटपर्यंत फाडली. आत गेला, तांब्याभर पाणी घेऊन आला. माझ्याकडे पाहिलं नाही. तांब्या त्यानं फोनवाल्यापुढे धरला.

"बस ना बे," तो म्हणाला. "उभा काऊन राह्यला?"

फोनवाला खाली बसला. मी फाटकाबाहेर येऊन गाडीजवळ थांबलो.