मिक्सरच्या पोटातली फरशी

भाचीला मामा पहिल्यांदा नीट दिसला तो एका मेलेल्या टीव्हीपुढे. तोवर तो घरातल्या सामानापैकीच एक होता: पुढच्या खोलीत, सोल्डरच्या धुरात, तोंडात स्क्रू धरून बसलेला. त्या दिवशी मात्र तो फरशीच्या तुकड्यावर सुईने काहीतरी कोरत होता आणि स्वतःशीच खुदुखुदु हसत होता.

"काय लिहितोस रे?"

"मृत्यूचं कारण. वकीलसाहेबांनी टीव्हीत चहा सांडला आणि आळ घातला मांजरावर. हा आता ही फरशी पोटात घेऊन भंगारात जाणार. पुढे कुणी उकरून काढला तर म्हणेल, दुरुस्ती करणारा गाढव होता. मला काही अब्रू आहे की नाही?"

या खुळाचं मूळ भाचीपाशीच होतं. ती दगडांचा अभ्यास करायची. एकदा जेवताना ती बोलून गेली होती, की आपण फेकलेले फोन, टीव्ही, पंखे गाडले जातील, वर गाळ साचेल आणि त्याच्या भाराने सगळं चेपून दगड होईल. प्लास्टिकचा काळा पट्टा, त्यात तांब्याच्या हिरव्या शिरा, मधूनच सोन्याचा एखादा कण.

"किती जाड पट्टा?" मामाने घास हातातच धरून विचारलं होतं.

"फार तर वीतभर."

"आणि त्यात आपली आळी?"

"केसाएवढीसुद्धा नाही."

झालं! कागद कुजतो, तांबं गंजतं, पण भाजलेली माती टिकते, एवढं त्याने तिच्याकडून काढून घेतलं आणि ओट्याला लावून उरलेल्या चिनी मातीच्या निळ्या फरश्या फोडायला सुरुवात केली.

पुढची खोली होती भाचीच्या आईची, म्हणजे मामाच्या ताईची. तिला तिथे शिवणाचा वर्ग काढायचा होता. "एक तक्रार येऊ दे, तुझं दुकान रस्त्यावर," असं ती बारा वर्षं बजावत होती. मामाला दुसरी जागा नव्हती.

तक्रार आली ती तिचीच. तिचा मिक्सर बंद पडला. मामा तोवर कोरण्याच्या इतका नादी लागला होता, की मिक्सर नीट तपासण्याआधीच फरशी तयार झाली. ती पोटात ठेवून त्याने तळाचं झाकण लावलं आणि मिक्सर दाराशी भंगारात नेऊन ठेवला. आईला काही राहवेना. तिने तो उलटा केला, जास्त भार पडला की सुटणारं खालचं लाल बटण दाबलं आणि मिक्सर सुरू झाला. पण आत काहीतरी खडखडत होतं. तिने सुरीच्या टोकाने झाकण उघडलं. आत तिच्याच ओट्याची निळी फरशी!

'मृत्यूचे कारण: मालकीण. वाटण जास्त, धीर कमी.'

"हे काय रे?"

"ताई, ते लाखो वर्षांनंतरच्या लोकांसाठी..."

"म्हणजे तोवर माझी बदनामी चालू?"

"नाव कुठे घातलंय?"

"मालकीण म्हणजे कोण, शेजारीण?"

"आई, त्यात शास्त्र आहे गं," भाची मध्ये पडली.

"तू गप्प बस. संध्याकाळपर्यंत मला खोली रिकामी हवी."

मामा सुतळीने खोकी बांधू लागला. भाचीला ते बघवेना.

एका खोक्यात कोरून झालेल्या, पण अजून कशातही न ठेवलेल्या फरश्या होत्या. आईने जाब विचारायलाच त्या वाचायला घेतल्या. तिसऱ्या फरशीला ती फिसकन हसली. सातव्या फरशीला तिच्या भुवया चढल्या.

"हे साफ चूक आहे. डॉक्टरीणबाईंची इस्त्री जळाली नव्हती. भांडणात आपटली. मी समोर होते."

"मला काय ठाऊक? मी दुकानात असतो."

"मग न विचारता लिहितोस कशाला? कायमचं राहणार ना ते? यापुढे मला दाखवल्याशिवाय एक फरशी आत जाता कामा नये. आणि माझ्या मिक्सरचं आत्ता नीट लिही. तो मेलाच नव्हता. लाल बटण न दाबणारा गाढव कोण, तेही लिही."

मामाने सुतळी सोडून सुई उचलली. "गाढव लिहू, की दुरुस्ती करणारा?"

"दोन्ही. फरशी मोठी घे."

आज मामा सदुसष्ट वर्षांचा आहे. दुकान पुढच्या खोलीतच आहे आणि शिवणाचा वर्ग मागच्या पडवीत भरतो.