रातपाळीची खोली

भिलाईत आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या बायका भिंतीवरच्या घड्याळापेक्षा नवऱ्याच्या पाळीवर चालत. पाळी दर आठवड्याला बदलायची. सकाळपाळीला डबा पहाटे तयार हवा. दुपारपाळीला जेवण लवकर. रातपाळीला मात्र दिवसा घरात आवाज नको. पहिल्या दोन गोष्टी मला सहज जमल्या. तिसरी जमेना, कारण घरात दीड वर्षाचा मुलगा होता.

तो चालायला शिकलाच नाही, एकदम पळायलाच लागला. त्याची दिवसभराची कामं ठरलेली असत. तांदळाच्या डब्याचं झाकण काढून फरशीवर आपटायचं, मोरीतला तांब्या अंगणात फेकायचा, कोळशाच्या टोपलीत जाऊन बसायचं आणि झोपलेल्या बापाच्या नाकात बोट घालायचं. यातलं शेवटचं काम त्याला सगळ्यांत जास्त आवडे. आमचे हे रातपाळीहून येत, आंघोळ करून वरणभात खात आणि आडवे होत. डोळा लागतो न लागतो तोच हा दार ढकलून त्यांच्या छातीवर चढून बसे. "बाबा, उथ."

हे पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवत. वितळलेल्या लोखंडाची भलीमोठी बादली उचलून नेणारी ती क्रेन. पहिली भट्टी पेटून तेव्हा फार काळ झाला नव्हता आणि सगळेच कामाला नवे होते. एकदा पहाटे केबिनमध्ये यांचा डोळा लागला. क्रेन उभी होती, त्यामुळे काही झालं नाही. पण फोरमननं त्यांना खाली उतरवून सगळ्यांसमोर तोंडावर पाणी मारायला लावलं. घरी आले ते न जेवताच बसून राहिले. मग म्हणाले, "या पोट्ट्याले दिवसा कुठीतरी ठेव व. मले झोप पाहिजे. क्रेनखाली माणसं राहतात."

एवढंच बोलले, पण मला ते पुरलं. त्याच आठवड्यात मी व्यवस्था लावली.

ओळीत नेहमी तीनचार घरी रातपाळी असे. ज्या घरचा माणूस झोपलेला, त्या घरची पोरं दिवसा दुसऱ्या घरी. पाळी बदलली की घरंही बदलायची. स्वयंपाकघराच्या दाराला मी एक पाटी टांगली आणि आज कोणाची मुलं कोणाकडे, ते तिच्यावर रोज लिहू लागले. शेजारची भंडाऱ्याची वहिनी सकाळी दारोदार फिरून पोरं गोळा करी. ओळीच्या टोकाला आंध्रातली अक्का राही. तिचा एकुलता मुलगा तिकडे आजीपाशी शाळेला होता. त्यामुळे बहुतेक दिवस जत्रा तिच्याच घरी भरायची.

ओळीत ओरडायचं नाही, हाही नियम केला. बायकांनी तो इतका पाळला की भाजी घेऊन येणारी छत्तीसगढी बाईसुद्धा आमच्या दारात टोपली उतरवून कानात सांगितल्यासारखं म्हणायची, "दीदी, भाटा ले ले." भाटा म्हणजे वांगी. पुढच्या ओळीत गेली की तिचा खरा आवाज ऐकू यायचा.

आणि घरातला माझा नियम कडीचा. हे झोपले की त्यांच्या खोलीला मी बाहेरून कडी घाली. कडी उंच होती, मुलाचा हात पोचत नव्हता. यांना उठायचं झालं की आतून दार ठोकत. उन्हाळ्यात त्या खोलीच्या खिडकीला मी गोणपाट लावलं होतं आणि ते वाळलं की आत जाऊन त्याच्यावर पाणी मारी. अख्ख्या क्वार्टरमध्ये तेवढी एकच खोली अंधारी आणि गार असायची.

त्या दिवशी सकाळीच ऊन भाजत होतं. पाण्याची बादली घेऊन मी यांच्या खोलीकडे निघाले, तेवढ्यात वहिनी पोरांची रांग घेऊन दारात आली.

"पोट्टा कुठं हाय?" तिनं हळूच विचारलं.

"आंगनात असंल. घेऊन जाय."

मी आत गेले, गोणपाट भिजवलं, बाहेर येऊन कडी घातली. तोवर वहिनी गेली होती. मी बसून गहू निवडले, कपडे धुतले, मोरी घासली. दुपारी वरणभात कालवून वाटी घेतली आणि अक्काकडे गेले. तिथं सगळी पोरं पंगतीला बसल्यासारखी भिंतीला टेकून कुरमुरे खात होती. माझा त्यांत नव्हता.

"माहावाला कुठं हाय?" मी विचारलं.

वहिनीनं माझ्या मागे पाहिलं. "तुह्यापाशी नाही?"

"तुले घेऊन जाय म्हनलं ना मी."

"अवं, आंगनात नव्हता तो. मले वाटलं, तूच ठेवला. तुह्या मागंमागं तं राहते शेपटासारखा."

अक्का उठून उभी राहिली. "मेरे पास तो आया ही नहीं, दीदी."

आम्ही आधी माझ्या घरी गेलो. कोळशाची टोपली, खाटेखाली, मोरी, पाण्याचा पिंप. पिंपावरचं झाकण वहिनीनं उचललं. आत पाणी आणि माझं तोंड दिसलं, बाकी काही नाही. यांच्या खोलीच्या दाराकडे मी पाहिलं. कडी लागलेली होती, सकाळी मीच लावली होती. म्हणजे ती खोली सोडून बाकी सगळं पाहायचं.

आम्ही तिघी बाहेर पडलो. अक्कानं आपल्या घरी पोरांना दार ओढून बसवलं आणि त्यांतल्या थोरल्या मुलीला दाराबाहेर उभं केलं. एकेका घरात जाऊन आम्ही विचारलं, तेही कुजबुजत. घराघरांतून बायका पदर खोचून बाहेर आल्या आणि भर दुपारी ओळीभर बायका पोराला हळू आवाजात हाका मारत फिरू लागल्या. "ए राजा... ए सोन्या..." झाडामागे, विटांच्या ढिगामागे, रिकाम्या ड्रममध्ये. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, या बाया मांजर शोधताहेत.

सगळ्यांचे डोळे मात्र मागच्या चराकडे वळत होते.

ओळीच्या मागे पाण्याच्या नळासाठी लांबच लांब चर खोदला होता. नळ टाकून झाले होते, माती ढकलायची राहिली होती. कुठेतरी जोड गळत होता, त्यामुळे चरात कमरेएवढं लाल गढूळ पाणी साचलं होतं. काठावर पोरांच्या पायांचे ठसे होते. ते कोणाचे आणि कधीचे, कोण सांगणार?

मी लुगडं वर खोचायला लागले. अक्कानं माझा दंड धरला. "तुम कांप रही है. बैठो. मैं जाती." आणि ती उतरली. धडधाकट बाई, पण पाण्यात तिचं पाऊल हळूहळू पडत होतं, कारण ती पायांनी तळ चाचपत होती. आम्ही काठानं तिच्या बरोबरीनं सरकत होतो. मला हातातली वरणभाताची वाटी खाली ठेवायचंही सुचलं नव्हतं.

अक्का थांबली. वाकली. खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. तिचा चेहरा माझ्याकडे नव्हता, मला तिची पाठच दिसत होती. तिनं जोर लावून काहीतरी वर ओढलं.

सिमेंटचं पोतं होतं. भिजून दगड झालेलं.

तेव्हा मी ओरडले. मुलाचं नाव घेऊन, पोटातून, होता नव्हता तेवढ्या आवाजात. एकदा नाही, ओरडतच राहिले. मी सुरू केल्यावर सगळ्याच बायका ओरडू लागल्या. इतक्या दिवसांचा दाबलेला आवाज एकदम बाहेर पडला.

खिडक्यांवरची गोणपाटं हलली. रातपाळीचे पुरुष बनियन-टॉवेलवर, तारवटलेल्या डोळ्यांनी बाहेर आले. वहिनीचा नवरा सगळ्यांत पुढे होता. "कोन मेलं व?"

"तोंड सांभाळा आपलं!" वहिनी त्याच्यावर कडाडली. "मेलं नाही कोनी. यांचा पोट्टा सापडून नाही राहिला!"

तो तसाच धावत चराकडे गेला. आणि तेवढ्यात आमच्या क्वार्टरमधून दार ठोकल्याचा आवाज आला. हे उठले होते. आता यांना सांगावं लागणार. चरापासून आमच्या घरापर्यंत मी कशी आले मला आठवत नाही. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, तेवढंच मनाशी जुळवत होते. कडीला हात लावला, पण ती काढवेना.

आतून हे ओरडले, "अवं, कडी काढ व लवकर! पोट्ट्याले सू लागली!"

मी तशीच उभी.

"काय म्हनलं तुमी?"

"सू! सू लागली म्हनतो! कावून उभी हायेस?" मग जरा थांबून आवाज आला, "राहू दे आता. झाली."

मी कडी काढली. हे दारात उभे होते, बनियन पुढून भिजलेला. काखेत मुलगा, केस विस्कटलेले, गालावर चटईच्या काड्यांचे वळ. माझ्या हातातली वाटी पाहून त्यानं दोन्ही हात पुढे केले. "भात."

सकाळी मी बादली घेऊन आत गेले, तेव्हा तो शेपटासारखा माझ्या मागून आत शिरला होता. अंधारात मला दिसला नाही. मी गोणपाट भिजवलं आणि त्याला आत ठेवून त्याच्याचसाठी असलेली कडी घातली.

"मले वाटलं, तूच टाकून गेलीस माह्यापाशी," हे म्हणाले. "गार लागत होतं त्याले. पाठीले पाठ लावली अन् झोपला. मीही झोपलो. अशी झोप कितीक दिवसांत लागली नाही." मग त्यांना माझ्या मागची गर्दी दिसली. "एवढे लोक कावून आले?"

अक्का पुढे आली. कमरेपासून खाली ती लाल चिखलानं माखलेली होती. तिनं मुलाला यांच्या काखेतून ओढून घेतलं, त्याच्या ओल्या बुडावर एक चापट मारली, "बदमाश," म्हणाली आणि त्याला कुशीत घेऊन आमच्या उंबऱ्यावरच बसली. मग ती हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही. माझंही तसंच चाललं होतं. त्याला मात्र कशाचंच काही नव्हतं. अक्काच्या मांडीवर बसून त्यानं तो गार वरणभात सगळा खाल्ला आणि रिकामी वाटी फरशीवर आपटायला लागला. त्या दिवशी त्याला कोणीही गप्प केलं नाही.

झोपमोड झालेले सगळे पुरुष आमच्याच अंगणात चहा प्यायले. चहा संपल्यावर मी त्यांना फावडी दिली. खात्याची माणसं येतील तेव्हा येतील, आमच्या ओळीमागचा चर आज बुजला पाहिजे, असं मी म्हणाले. कोणी कुरकुर केली नाही. नळाच्या जोडाला वहिनीच्या नवऱ्यानं सायकलची जुनी ट्यूब आवळून बांधली. पाळीला जाण्याआधी त्यांनी चर भरला आणि माती पायांनी तुडवून पक्की केली. ते सिमेंटचं पोतंही आतच गेलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी रांग घेऊन आली. "पोट्टा?"

पाटीवरचं त्याचं नाव मी पुसलं होतं. तिला मी खोलीकडे बोट दाखवलं. तिनं कपाळावर हात मारला आणि हसू दाबत पुढे गेली.

कामं आटोपल्यावर मी बादली घेऊन आत गेले. गोणपाट भिजवलं, मग डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभी राहिले. दोघंही गाढ झोपले होते. मुलाचं एक बोट बापाच्या नाकात होतं. मी बाहेर आले आणि दार नुसतं लोटलं.