विसर्जनाला निघालेला सिनेमा

देवाला कात्री लावणारी बाई आज सकाळी गेली.

आमची अक्का. आजोबांची धाकटी बहीण. वय नव्वदीच्या पुढे. नेमकं किती, यावरून घरात सकाळपासून दोन पार्ट्या पडल्यात.

रडून झालंय. आता लिहितो. रडकी पोस्ट टाकली असती तर तिने वरून शिव्या घातल्या असत्या.

हल्ली ॲनिमेशन म्हटलं की पोरांना परदेश आठवतो. अरे, आमच्या घरात ॲनिमेशन कंपनी होती! स्वातंत्र्याच्या एक-दोन वर्षं आधी. एरंडोलात!

कंपनी म्हणजे काय, तर अक्काचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, आबा. एक बैलगाडी. एक तंबू. धोतरं जोडून शिवलेला पडदा.

आणि अक्का.

आबांनी सुरुवात केली काचेवरच्या रंगीत चित्रांनी. दिव्यापुढे काच धरायची, पडद्यावर राम-सीता. मग हाताने फिरवायचा प्रोजेक्टर आला, मूकपट आले.

मग जळगावला बोलपट आले आणि आबांचा तंबू ओस पडला. बोलणारी माणसं सोडून मुकी बघायला कोण येणार?

आबा हट्टाला पेटले. "जळगावलासुद्धा नाही असं दाखवू. चित्रातला गणपती हलवू!"

हलवणार कोण? सोळा वर्षांची अक्का.

कागदावर एक गणपती काढायचा. मग दुसरा, सोंड जराशी वर. मग तिसरा, अजून जराशी वर. वर्षभर पोरगी हेच करत होती. आबा एकेका कागदाचा फोटो फिल्मवर घ्यायचे. सगळं मिळून एक रीळ झालं.

एकच. कॉपी नाही, बॅकअप नाही, काही नाही.

आणि आबा गावभर सांगत सुटले, "मुंबईच्या पेंटरकडून काढून आणलंय!"

कारण मुलगी लग्नाची. दिवसभर शाईत हात घालून बसते असं कळलं तर स्थळं कशी येणार?

गणेश चतुर्थीला पहिला खेळ. आबांना थाट हवा, म्हणून भटजी बोलावले. फक्त आरती म्हणा, एवढंच सांगितलं होतं.

पण भटजी सकाळपासून घरोघर गणपती बसवून आलेले. पडद्यावर गणपती उगवला आणि त्यांनी सवयीने अख्खी प्राणप्रतिष्ठाच करून टाकली. अक्षतांसकट.

तेव्हा कुणी काही बोललं नाही. रोज तंबू तुडुंब.

अनंत चतुर्दशीला आबांनी बोदवडला निघायला गाडी भरली, आणि गाव आडवं आलं. पुढे पाटील.

"आबा, देव कोठे लई चालनात?"

"बोदवडला. खेळ आहे तिथे."

"बसाडेल देव शे तो! विसर्जन करनं पडी. बठ्ठा गाव वाट देखी ऱ्हायना."

आबा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं, गाव हसत नाहीये.

भटजींनीही मान डोलावली. प्राणप्रतिष्ठा झाली म्हणजे झाली. रिळाचा डबा नदीत सोडा.

आबांनी गाडीकडे बघितलं.

अक्का गाडीत त्याच डब्यावर बसली होती. ती काही उतरली नाही.

"भटजीकाका, तुम्ही कोणता गणपती बसवला?"

"पडद्यावरचा."

"अहो, पण कोणता? यात हजारो आहेत!" तिने डबा उघडून फिल्मचं टोक ओढलं. "तुम्ही बसवलेला दाखवा आणि घेऊन जा. बाकीच्यांना कशाला बुडवता?"

पाटील वैतागले. "पेंटरनं काम शे, पोरी. तुले काय समजस?"

"कसला पेंटर! बठ्ठं मी काढेल शे!"

सगळं मीच काढलंय, हे तिने भर गावासमोर सांगून टाकलं. घरात शुद्ध बोलणारी अक्का रागावली की अहिराणीवर यायची.

सगळं गाव आबांकडे बघतंय. आबा बैलांकडे बघतायत.

भटजींनी फिल्म उन्हात धरली. बघतात, सरकवतात, पुन्हा बघतात. सगळे बाप्पा सारखेच! पण माघार घेतील तर भटजी कसले. शेवटी एकावर बोट ठेवून ठणकावलं, "हाच!"

अक्काने कात्री काढली. कच्च.

मग निघाली मिरवणूक. ढोल, लेझीम, गुलाल आणि पाटावर नखाएवढा गणपती. मागच्यांना पाटसुद्धा दिसत नव्हता, पण नाचण्यात कसूर नाही.

अंजनी नदीच्या काठी वारा सुटला आणि बाप्पा उडाला.

अख्खं गाव वाळूत रांगतंय! शेवटी सापडला पाटलांच्या मिशीत. भटजी म्हणाले, "हलू नका," आणि आरती तिथेच उरकली. पाटील डोळे मिटून उभे. काय करतील बिचारे?

बाप्पा एकदाचा नदीत गेला, बाकीचं रीळ वाचलं.

बोदवडच्या वाटेवर आबा अक्काशी एक शब्द बोलले नाहीत. तिला वाटलं, आता आपलं चित्र काढणं बंद.

बोदवडच्या बाजारात दवंडी पिटली गेली. "हलता गणपती बघा हो! चित्रं काढणारी, आबांची मुलगी सुभद्रा!"

पणजीने कपाळावर हात मारून घेतला.

अक्का सांगायची, "गाडीमागे जाऊन रडले रे मी. तोवर माझं नाव घराबाहेर एवढ्या मोठ्याने कुणी घेतलंच नव्हतं."

(लग्न झालं हो. बोदवड स्टेशनच्या तिकीटबाबूशी. तो रोज खेळाला यायचा.)

पुढे खान्देशातल्या उन्हाळ्यांनी त्या रिळाचा भुगा केला. आम्ही पोरं तिच्या मागे लागायचो, "अक्का, तो सिनेमा कसा होता गं?"

मग ती पदर खोचून उभी राहायची. उजवा हात नाकाशी धरायची आणि हळू, अगदी हळू वर न्यायची. मध्ये एकदा कान हलवायची. दर वेळी अगदी तस्संच.

परवा दवाखान्यात नर्सला दाखवत होती. सलाईन लावलेल्या हाताने. नर्स केवढी ओरडली!

तंबूत बसून तो खेळ पाहिलेली माणसं एकेक करून गेली. अक्का शेवटची होती.

आता तो गणपती हलताना पाहिलेलं कुणीही नाही.

फार आठवण येईल गं.

नीट जा, अक्का. आम्हा सगळ्यांचा नमस्कार.