पट्टीआधी पाणी

"आदी पानी दे गो," उंबऱ्यावर टेकत सरपंचबाई म्हणायच्या. घरपट्टी मागायला आल्या की प्रत्येक घरी हेच. पेला रिकामा करून विचारायच्या, "कुठनं आनलंस?"

खालच्या आळीत उत्तर मिळायचं, नळाचं. आमच्या वरच्या आळीत मात्र टेकाडाखालच्या विहिरीचं, डोक्यावरून आणलेलं. बाई पेला जपून खाली ठेवायच्या.

पेणजवळचं आमचं गाव गणपतीच्या मूर्तींचं. मी कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. दिवसभर देवाचे डोळे रंगवायचे आणि घरी येऊन हंडा उचलायचा! मान पार मोडून जायची. वरच्या आळीला नळ मंजूर झाला होता, पण गावाचा हिस्सा भरायला पंचायतीत पैसाच नव्हता. असणार कुठून? गावात बंगले उठले, गाळे उठले, आणि ज्याला त्याला पट्टीत सूट. कुणाचं गोदाम कागदावर वाचनालय, कुणाचा गाळा समाजमंदिर.

सभेत कुणीतरी म्हणालं, पट्टीचा दर वाढवा. बाई उसळल्याच. "वाडवून भरनार कोन? आज भरतोय तोच नं? कुडाच्या घरातली म्हातारी? आदी ह्या फुकट्यांची सूट काढा!"

सगळ्यात मोठी सूट आमच्या शेठची. कारखान्याची लांबलचक शेड कागदावर गणपतीचं मंदिर, म्हणून पट्टी माफ. आणि शेठ म्हणजे बाईंचे सख्खे धाकटे दीर.

"वैनी, आत देव हायत नं? मंग देऊलच ते," शेठ हसत म्हणाले.

"व्हय रं बाबा, माजंच चुकलं. उद्या येते आरतीला."

आणि आल्या की हो! ऐन श्रावणातली घाई, आणि दारात वरच्या आळीच्या बायका, टाळ नि नारळ घेऊन. शेठ धावले. "अगो, मूर्ती ओल्या हायत! हात नका लावू!"

"देवलात कुनाला अडवतोस?" म्हणत बाईंनी मधोमध बसकण मारली. भजन रंगलं. मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्याला आत पाय ठेवायला जागा नव्हती. मला हसू आवरेना, तर शेठ माझ्यावरच खेकसले, "तू डोले आख गो!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा भजन. मग रोजच. शेवटी शेठनी पंचायतीत जाऊन 'कारखाना' असं लिहून दिलं आणि पट्टी भरली. घरच्यालाच सोडलं नाही म्हटल्यावर बाकीचेही मुकाट्याने आले.

नळ आला. पुढच्या निवडणुकीत मात्र सूट गेलेल्या सगळ्यांनी मिळून बाईंना पाडलं. शेठनी तर बोलणंच टाकलं. मी रडले, तर मलाच ओरडल्या, "रडतेस काय? पानी दे."

दिलं. "कुठनं आनलंस?"

"नळाचं!" मी म्हटलं. तशा हसल्या, अगदी पदर तोंडाला लावून.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शेठ शेवटपर्यंत बोलले नव्हते. खांद्याला मात्र तेच पुढे होते.

परवा ग्रामसभेत एक नवा बंगलेवाला उभा राहिला. देवघर मोठं आहे, पट्टी माफ करा, म्हणाला. तेवढ्यात शेठ उठले, कोपऱ्यातल्या नळावर पेला भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"आदी पानी पी," शेठ म्हणाले. "मंग सांग, कुठनं आलं."