मालक म्हणतील तसं

आमच्याकडं बांधकामावर ‘लेव्हल’ म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिची दोन टोकं दोन भिंतींना लावायची आणि पाणी कुठं थांबतं ते बघायचं. पदवी घेईपर्यंत मला तिचा एवढाच अर्थ माहीत होता. नंतर कौशल्य प्रशिक्षणाच्या कामात कंत्राटी समन्वयक म्हणून लागलो आणि कळलं, की देशातल्या साऱ्या कामांसाठी एकच शिडी तयार होते आहे. शिवणकाम असो, वायरिंग असो की गवंडीकाम, पायऱ्या त्याच, आणि त्या पायरीलाही लेव्हलच म्हणायचं. पायऱ्यांची मराठी वर्णनं लोकांना समजतात का, हे आमच्या भागातून वर कळवायचं काम माझ्याकडं आलं. मला स्वतःला ती पूर्ण समजली होती, असं मात्र म्हणवत नाही.

माझे मामा मंठ्यात मिस्तरी आहेत. त्यांच्याच घरी राहून मी शिकलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि त्यात मामांचा वाटा वडिलांइतकाच. आता त्यांचे गुडघे दुखतात, परांचीवर चढणं जड जातं. अशात परतूरच्या एका केंद्रात गवंडीकाम शिकवायला माणूस हवा होता. अट अशी, की त्याच्याकडं चौथ्या लेव्हलचं प्रमाणपत्र पाहिजे. अनुभवाच्या जोरावर परीक्षा देऊन ते मिळतं. मीच मामांचं नाव घातलं.

“मामा, तुमची लेव्हल काढायची आहे.”

“काढायची कशाला? सायकलीलाच बांधून असती ती.”

मामी एवढ्या हसल्या, की चहा उतू गेला.

परीक्षा घ्यायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या. मामांनी कोपरा बांधून दाखवला, त्यात काही उणं निघालं नाही. मग प्रश्न सुरू झाले. एखादा शब्द अडला तर सांगायला मी बाजूला बसलो होतो. उत्तर सुचवायची मला मनाई होती.

“दाराची चौकट कुठं बसवायची, हे कोण ठरवतं?”

“मालक म्हनतील तसं.”

“आणि मालकांनी चुकीची जागा सांगितली तर?”

“सांगू द्या की. घर त्यायचं हाये. आपन काय, हुकमाचे मानसं.”

“म्हणजे निर्णय तुम्ही घेत नाही?”

“न्हाई हो ताई, मी कोन घेनार?”

याच मामांनी एका गुरुजींच्या स्वयंपाकघराचं दार उचलून पार दुसऱ्या भिंतीत नेलं होतं. “तुम्हीच म्हनल्ते ना, उजेड पाह्यजे? मंग तुमच्या म्हनन्यापरमानंच इकडं घेऊन राह्यलो,” असं म्हणत. ते दार आपणच सुचवलं, असं गुरुजी आजही पाहुण्यांना सांगतात.

मामांना तिसरी लेव्हल मिळाली. सांगितलेलं काम नीट करणारा तिसरीत, आपल्या कामाची जबाबदारी स्वतः घेणारा चौथीत. बाईंनी ऐकलं तेच लिहिलं होतं. वर्णनातला प्रत्येक शब्द मी पुन्हा वाचला. एकही चुकीचा वाटला नाही. मामाही खोटं बोलले नव्हते, आमच्याकडं मिस्तरी असंच बोलतो. मग चुकलं कुठं, ते मला सांगता येईना, आणि वर काय कळवावं तेही सुचेना.

“परत परीक्षा देता येते,” मी मामांना म्हणालो. “फक्त ‘मी ठरवतो’ म्हणायचं.”

“असं बोलनाऱ्या मिस्तरीला दुसरं काम कोन देईल रे?”

तरी त्यांनी सराव केला. गेल्या रविवारी मी त्यांच्या कामावर गेलो होतो. परांचीवरून गुडघा धरत उतरले, नव्या खिडकीकडं बोट केलं आणि मोठ्यानं म्हणाले, “ही खिडकी हितं घ्यायची, हे मी ठरवलं!” म्हणून झाल्यावर स्वतःच लाजले.

तेवढ्यात घरमालक आत आले. मामांचा आवाज लगेच खाली आला. “मालक, तुमच्या म्हनन्यापरमानं घेतली बरं का खिडकी. बराबर हाये ना?”

“बिलकुल! मी म्हणलोच होतो,” मालक खूश होऊन म्हणाले.

ते पुढं गेल्यावर मामा माझ्या कानाशी वाकले.

“ही कितवी झाली रे, तिसरी का चौथी?”