महालाची मागची बाजू

मथुरावहिनी गोधडी घालायला बसली की आमच्या चाळीची वाहतूक बंद. मालाडला पूर्वेकडे आमची बैठी चाळ, पुढे सगळ्यांचा मिळून एक लांब ओटा. दुपारची जेवणं उरकली की वहिनी तो ओटा झाडून घ्यायची, जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायची आणि मधोमध मांडी ठोकायची. मी दुसऱ्या पाळीला निघालो की दाभण उगारून म्हणायची, "भावजी, उडी मारा! लुगड्यावर पाय पडला तर तुमच्या धोतराचं ठिगळ लावीन."

मी धोतर नेसत नव्हतो, विजार घालायचो, पण उडी मारायचो. न मारून सांगतो कुणाला?

ही गोष्ट सदुसष्ट-अडुसष्ट सालची. वहिनी माणदेशातली, लग्न होऊन इथं आली. नवरा धोंडिराम गोरेगावच्या दुधाच्या कॉलनीत गोठ्यावर कामाला. दिवसभर म्हशींशी बोलून यायचा, त्यामुळे घरी आल्यावर त्याच्यापाशी शब्द शिल्लक नसायचे. ती कसर वहिनी भरून काढायची. बाळंतीण असो, बारसं असो, नवीन बिऱ्हाड असो, गोधडी तिच्या हातची. धावदोरा असा बारीक की तांदूळ मांडून ठेवलेत असं वाटावं.

बोलायला मोकळी, हसायला मोकळी, पण तिच्या जिवाला एक घोर होता. आई. सखुबाई गावाकडे एकटी. म्हातारा वारलेला, मुलगा नाही, सोबतीला एक शेळी. त्या आधीच्या पावसाळ्यात म्हातारी विहिरीच्या पायरीवरून घसरली आणि कुणाच्या तरी नजरेस पडेपर्यंत तिथंच कण्हत राहिली. तेव्हापासून वहिनीने धरलं, आईला इथं आणायचं, आणि परत पाठवायचं नाही.

म्हातारी कसली येतेय! गावचा राजाराम कांद्याच्या ट्रकवर होता, मुंबईला खेप आली की निरोप आणायचा-न्यायचा. त्याच्या तोंडी सखुबाईचं उत्तर ठरलेलं. "लेकीच्या घरी पावना एक रात. दुसऱ्या दिशी त्येची मान खाली जाती." आमच्याकडे ही रीतच. लेकीच्या घरचं पाणी पितानासुद्धा जुनी माणसं दोनदा विचार करायची.

वहिनी म्हणाली, निदान बघायला तरी ये म्हणावं. म्हातारीने विचारलं, बघायला हाय काय तिथं?

आता ते दाखवायचं कसं? चाळीच्या टोकाच्या खोलीत विद्याधर राहायचा. स्टेशनाजवळ त्याचं फोटोचं दुकान होतं. पोरगा झकास, पण घाईचा. कधी सोसायट्यांच्या इमारतींचे फोटो, कधी लग्नाचे, कधी गोरेगावच्या सिनेमाच्या स्टुडिओत बदलीवर. बिघडलेल्या फोटोंनी त्याचा एक डबा भरलेला असायचा. वहिनीने त्यातून मालाडचं स्टेशन, ऑर्लेमचं चर्च आणि बोरिवलीची मंडपेश्वरची लेणी असे फोटो निवडले आणि राजारामकडे दिले.

राजाराम परतला तो हसतच. "म्हातारी म्हणती, सगळं काळंच हाय. मुंबईला सुतक पडलंय का?"

शिवाय सखुबाईला जवळचं दिसायचं नाही. लांबून डोंगरावरचं जनावर ओळखायची, पण हातातला फोटो म्हणजे तिला नुसता डाग. झालं! वहिनीने ठरवलं, फोटो मोठे करायचे आणि रंगवायचे. म्हणजे कसे? तर गोधडीवर.

फोटो पाटावर उभा करायची. फोटोतलं एक बोट म्हणजे गोधडीवर एक वीत. कागद नाही, पेन्सिल नाही, डोळा आणि कात्री. रंग बघायला स्वतः जायची. चर्चचा पांढरा रंग कोणता, साईसारखा का चुन्यासारखा, हे बघायला दोनदा गेली. तिथल्या एका ख्रिस्ती बाईने विचारलं, प्रार्थनेला आलीस का? वहिनी म्हणाली, "न्हाई बाई, चुना बघायला."

स्टेशन झालं, चर्च झालं, लेणी झाली, दुधाच्या कॉलनीतला गोठा झाला. गोठ्यापुढे धोंडिरामही शिवला, एका बोटाएवढा. तो बघून एवढंच म्हणाला, "म्हस बरी जमलीय."

मधली मोठी जागा अजून मोकळी होती. वहिनीने पुन्हा विद्याधरच्या डब्यात हात घातला आणि तिच्या हाताला महाल लागला. घुमट काय, कमानी काय, पायऱ्यांवर दगडी हत्ती! विद्याधर अंधाऱ्या खोलीत फोटो धूत होता. तिने दाराबाहेरून ओरडून विचारलं, "विद्याधर, हा महाल कुठला रे?"

"गोरेगावचा!" आतून उत्तर.

"रंग कसला?"

"गुलाबी! वहिनी, दार उघडू नका हां, वाट लागेल माझी!"

पोरगा खोटं बोलला नव्हता. महाल गोरेगावलाच होता. गुलाबीच होता. वहिनीने एवढा एकच रंग जाऊन बघितला नाही, कारण दसरा तोंडावर आला होता आणि राजारामचा ट्रक निघणार होता. महालासाठी तिने लग्नातला गुलाबी शालू फाडला. माझी बायको ओरडली, "अगं, शालू फाडतेस?" वहिनी म्हणाली, "महालाला काय मांजरपाट लावू?"

रीतीप्रमाणे शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा घालून टाका मारला. गोधडी उपाशी पाठवू नये म्हणतात. ट्रकमध्ये त्या गुळाला मुंग्या लागल्या आणि राजाराम घाटभर खाजवत गेला, ती वेगळी कथा.

पण पुढच्या खेपेला ट्रकमधून कांद्याच्या पोत्यांमागून कोण उतरावं? सखुबाई! काखेत गोधडी.

"महाल बघायचा आणि उलटपावली जायचं," ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच तिने जाहीर केलं. पाणी दिलं तर घोटभर घेतलं, तेही उभ्याने.

वहिनीचा चेहरा बघवेना. आई आली म्हणून आनंद, आणि ती जाणार म्हणून डोळ्यांत पाणी. माझ्या बायकोला म्हणाली, "महाल सगळ्यात शेवटी दावते. तवर रमंल."

मग सुरू झाली म्हातारीची तपासणी. रोज एक ठिकाण. स्टेशनापुढे वहिनीला गोधडी धरायला लावून लांब उभी राहायची, एकदा स्टेशनाकडे बघायची, एकदा गोधडीकडे. "हितं तिसरा खांब हाय. तू दोनच घातलेस." येणारे-जाणारे थांबायचे. चर्चपुढे तर गर्दीच जमली. मंडपेश्वरला म्हातारी खूश झाली. "दगडाचं दगडासारखं केलंस बघ." पण संध्याकाळी घरी आली की एकच पालुपद, "महाल कवा?"

वहिनीने विद्याधरला गाठलं. "अरे, तो गोरेगावचा महाल दाखव ना आईला."

विद्याधरने कपाळाला हात लावला. "वहिनी! तो सिनेमाचा आहे."

"सिनेमावाल्याचा असंना का. बघू देत नाहीत का?"

"तसं नाही हो. तो खरा नाहीये."

वहिनी मटकन ओट्यावर बसली. मी तिथंच होतो. मग हळूच म्हणाली, "भावजी, आईला खोटं कधी चालत न्हाई. आता ही जी जाईल ती माझं तोंड बघायची न्हाई."

मी म्हटलं, "सांगू, महाल पडला म्हणून."

"एक खोटं झाकायला दुसरं? नगं. दावू."

तर आम्ही चौघं निघालो, वहिनी, म्हातारी, विद्याधर आणि मी. माझी सुट्टी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही महाल बघायचा होता. स्टुडिओच्या दारावरच्या भय्याला विद्याधरने ओळख दाखवली. आत वळलो आणि समोर तो! ऊन पडलेलं, घुमट चमकतोय, पायऱ्यांवर हत्ती उभे. सखुबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोन्ही हात जोडले.

"आई," वहिनीने तिचा हात धरला, "आई, ह्यो महाल..."

पण म्हातारी कुठली थांबतेय! लांबचं लख्ख दिसायचं ना, ती तरातरा पुढे गेली आणि हत्तीच्या सोंडेवर हात ठेवला. सोंड हलली. म्हातारीने हात मागे घेतला. मग महालाच्या कडेने चालत चालत मागे गेली. आम्ही तिच्या मागे.

मागे काय? बांबू. बांबूंना सुंभाच्या गाठी, त्यावर ताणलेली गोणपाटं, गोणपाटांना ठिगळं. महालाच्या सज्जाखाली एक रंगारी डबा खात बसला होता, आणि घुमटाच्या आत कुणाची तरी बनियन वाळत होती.

वहिनी रडायलाच लागली. "आई, मी फसवलं न्हाई गं तुला. मला ठावं नव्हतं!"

जवळचं दिसत नाही म्हणून सखुबाईने बोटांनी गोणपाट चाचपलं. शिवणीवरून बोट फिरवत गेली. मग त्या रंगाऱ्याला म्हणाली, "ए बाबा, टाकं कुणी घातलं हे?"

तो घाबरला. "आमचाच माणूस आहे, आजी. का?"

"लांब पडल्यात. एका वाऱ्यात उसवंल तुझा महाल."

रंगारी हसला, विद्याधर हसला. म्हातारीने काखेतली गोधडी काढली आणि तिथंच धुळीत पसरली, उलटी. आता बघा, गोधडीचा टाका आरपार जातो. पुढे जो आकार शिवला त्याची रेघ मागेही उमटते. उलट्या बाजूला, साध्या पांढऱ्या धोतरावर, महालाची नुसती रेघ दिसत होती. घुमट होता, कमानी होत्या, आत काही नव्हतं.

"आगं, रडतीस कशापायी?" म्हातारी म्हणाली. "तू खोटं न्हाई केलंस. अर्धंच केलंस. म्होरली बाजू शिवलीस, मागली ऱ्हायली. हितं बांबू घालायचं, हितं गोणपाट, आणि हितं ह्यो जेवायला बसलेला बाबा. मग कोण म्हनंल खोटं?"

रंगाऱ्याने तोंडातला घास गिळला. "माझी मिशी घाला हां, आजी."

घरी आल्यावर पंचाईत उभी राहिली. कामाला बसायचं तर दिवस लागणार. वहिनीने भीत भीत विचारलं, "आई, मग राहतीस?"

सखुबाई कडाडली. "ऱ्हायला? लेकीच्या घरी मी ऱ्हानार? मी कामाला आलीय. काम हाय तवर हाय. केलेल्या कामाची भाकरी खायला मला लाज न्हाई!"

धोंडिराम दारात उभा होता. त्या आठवड्यातलं त्याचं सगळ्यात मोठं वाक्य तेव्हा आलं. "मामी, काम लई हाय."

मग दुपारी ओट्यावर दोघी. वहिनी सुईत दोरा ओवून द्यायची, म्हातारी बोटांनी चाचपत टाके घालायची. एकीला दिसतं, दुसरीला कळतं. भांडणं तर रोजची. "आई, बांबू तिरका गेला." "तिरकाच हुता. तू रडत हुतीस, मी बघत हुते."

महालाची मागची बाजू पुरी झाली, रंगाऱ्याच्या मिशीसकट. आता काय? वहिनीने दोन रात्री धड झोप घेतली नसेल. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी गोधडी उलटी धरून उन्हात उभी राहिली आणि म्हणाली, "एकट्या महालालाच मागली बाजू? स्टेशन काय म्हनंल? त्येलाबी मागली बाजू आसंलच की."

बिचारा विद्याधर! म्हातारी त्याला घेऊन निघाली. स्टेशनाच्या मागे कचरा जळत होता, त्याचा फोटो. चर्चच्या मागे कुणी कपडे वाळत घातलेले, त्याचा फोटो. "आजी, फोटो समोरून काढतात हो," तो काकुळतीला यायचा. "लग्नातसुद्धा मी नवरीची वेणी काढत नाही!"

"चूक करतोस. येवढी घातलेली वेणी, कोण बघनार ती?"

गंमत म्हणजे पुढच्या लग्नसराईत त्याने वेण्यांचेही फोटो काढले आणि बायका त्याच्याच दुकानात येऊ लागल्या.

मंडपेश्वरला मात्र तो अडला. "आजी, लेण्याला मागची बाजू नसते. मागे डोंगर."

म्हातारी डोंगराला वळसा घालून वर चढली, खाली आली, दमली, पदराने वारा घेतला. "डोंगर तर डोंगर. पर नुसता न्हाई, वर एक शेळी चरतीया. ती काढ." तिची स्वतःची शेळी तोवर राजारामने आपल्या गोठ्यात नेऊन बांधली होती.

बोलबाला झाला. बोरिवलीच्या सोसायटीतून एक बाई आली, आमच्या नव्या इमारतीची गोधडी करून द्याल का, म्हणून. सखुबाई तिला म्हणाली, "देऊ. पर मागनं बघितल्याबिगर न्हाई." बाईचा चेहरा पडला. त्यांच्या इमारतीच्या मागे गटार होतं. तरी तिने गोधडी घेतली, आणि गटारावरच्या पुलाचं लाल ठिगळ तिच्या मुलांना सगळ्यात जास्त आवडलं.

मथुरावहिनीच्या गोधड्या त्यानंतर कुठकुठे गेल्या. ती शिवत होती तोवर एकही एकतोंडी गेली नाही. आणि राजारामचा ट्रक दर खेपेला आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबायचा. तो हाक मारायचा, "सखुमावशी, येतीस का गावाला? जागा हाय!"

म्हातारी ओट्यावरून मान वर न करता विचारायची, "मथुरे, आता कुठली बाजू ऱ्हायलीय गं?"

वहिनी पटकन काहीतरी सांगायची. बाजार, शाळा, पोलीस चौकी, पाण्याची टाकी. टाकी गोल, तिला मागची बाजू कुठली यावरून दोघींचा वाद अख्खा शिमगा पुरला.

"ऐकलंस न्हवं?" सखुबाई राजारामला सांगायची. "टाकी ऱ्हायलीय. जा तू."