आमची गल्ली पिवळी झाली

आमच्या गावाचा नवा विकास आराखडा तयार झाल्याचं मला शेजाऱ्याकडून कळलं, आणि तेही टोमण्यातून. मी अंगणात गाद्यांच्या खोळी वाळत घालत होते. दोन घरांच्या मधल्या भिंतीवरून मान काढून तो म्हणाला, "भाभी, तुमची मशीन जाते आता. नकाशात आपली गल्ली पिवळी आली."

त्याच्याशी बोलणं बंद होतं म्हणून मी काही विचारलं नाही. खोळी तशाच बादलीत टाकल्या, हात पुसले आणि नगरपरिषदेत गेले. व्हरांड्यात भला मोठा नकाशा लावला होता. लोक आपापल्या घरावर बोट ठेवून बघत होते. तिथल्या शिपायानं समजावलं, की पिवळा म्हणजे फक्त राहण्यासाठी. निळा दुकानांसाठी, जांभळा कारखान्यांसाठी. जांभळा पट्टा दूर, राजुऱ्याच्या रस्त्याला होता. आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी.

आम्ही रुई पिंजून गाद्या-रजया बनवतो. सासऱ्यांनी समोरच्या खोलीत पिंजायची मशीन बसवली तेव्हा आमच्या घरामागे धानाच्या बांध्या, सगळी भातशेतीच होती आणि गल्लीला नावसुद्धा नव्हतं. हा शेजारी कोळशाच्या खाणीतून रिटायर झाल्यावर आला. मशीन बघूनच त्यानं प्लॉट घेतला होता, तेव्हा ती चालूच होती. पहिली वर्षं चांगली गेली. त्याच्या मुलीच्या लग्नातल्या गाद्या आमच्याच. लाल खोळीला मी स्वतः टाके घातले. ईदला त्याच्या घरी शीरखुर्मा जायचा, पोळ्याला तिकडून पुरणपोळ्या यायच्या.

मग त्यानं वरचा मजला चढवला, भाडेकरू ठेवले, आणि त्याच्या बायकोला दमा लागला. रुईची धूळ त्यांच्याकडे जायची, हे खोटं नाही. त्यांच्या तुळशीची पानं मी पांढरी झालेली पाहिली आहेत. आम्ही खिडकीला ओली पोती लावली. मशीन दुपारीच चालवायला लागलो. त्याचं समाधान झालं नाही. एका सकाळी आमच्या ओट्यावर गिऱ्हाइकाची रुई उन्हात पसरली होती. त्यानं नळाची नळी वरच्या मजल्यावर नेली आणि सगळ्या रुईवर पाणी सोडलं. माझा नवरा गरीब स्वभावाचा. म्हणाला, "जाऊ दे, सूख जाएगी." मी नाही जाऊ दिलं. ती ओली, जड रुई पाटीत भरली आणि त्याच्या पायऱ्यांवर नेऊन ओतली. सगळी गल्ली बघत होती. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं.

आराखड्यावर लोकांकडून हरकती मागवल्या होत्या. मी हरकत दिली. आमच्या ओळीत घर आणि धंदा दोन्ही राहू द्या, असं लिहिलं. आणखी एक लिहिलं: मागच्या परसात आम्ही विटांची बंद खोली बांधू, मशीन तिच्यात नेऊ, धूळ शेजारी जाणार नाही. ही कल्पना नवऱ्याची होती. शेजाऱ्यानंही गल्ली पिवळीच ठेवा असा अर्ज दिला होता, भाडेकरूंच्या सह्या घेऊन.

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात होती. बाहेरून आलेले अधिकारी मधोमध बसले होते, बाजूला इथले दोघं-तिघं. कुणाच्या प्लॉटवर बगीचा दाखवला होता, कुणाच्या दुकानावरून रस्ता गेला होता. प्रत्येक जण ओरडत होता आणि अधिकारी प्रत्येकाला "थोडक्यात सांगा" म्हणत होते. एकच गल्ली म्हणून आम्हाला आणि शेजाऱ्याला सोबतच पुकारलं.

तो आधी बोलला. "साहेब, माह्या बाईचा दम कोंडते. श्वास घेता येत नाई तिले. अन् या लोकाईले सांगून काही उपयोग नाई."

"कोन लोक?" मी विचारलं.

"तुम्ही मधात बोलू नका," अधिकारी म्हणाले.

"नाई साहेब, मले ऐकू द्या. कोन लोक, भाऊ? ज्याईच्या गादीवर तुमची पोरगी सासरी गेली, ते लोक?"

सभागृहात कुणीतरी हसलं. शेजाऱ्याचं तोंड लाल झालं. तो म्हणाला, "ओली रुई माह्या दारात कोनं फेकली, ते सांगा ना."

"अन् ओली कोनं केली?"

अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटला. नवरा माझी ओढणी मागून ओढत होता. मी तरीही बंद खोलीचं सांगितलं. खोली किती उंच, धुराड्यासारखा पाइप वर कसा काढायचा, जाळी कुठे लावायची. अधिकारी मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले, "ठीक आहे, विचार करू," आणि पुढच्याला पुकारलं. बाहेर पायऱ्यांवर शेजारी माझ्याजवळून गेला आणि खाली थुंकला. माझ्यावर नाही, बाजूला. पण थुंकला.

आराखडा मंजूर होऊन आला तेव्हा नवरा बघून आला. गल्ली पिवळीच राहिली. मात्र जिथे जो धंदा आधीपासून आहे, तो आहे तसा चालू ठेवता येईल, अशी सूट होती. त्यानं घरी येऊन पेढे वाटायचं मनात आणलं होतं, मी अडवलं. मला पूर्ण नियम ऐकायचा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बांधकाम विभागात गेलो आणि मागच्या खोलीची परवानगी मागितली. तिथला माणूस म्हणाला, "नाई मिळत. पिवळ्यात धंदा आहे तसाच ठेवा लागते. वाढवता येत नाई, जागा बदलता येत नाई."

"अहो, पण ही खोली धूळ थांबवाले बांधून राह्यलो."

"बाई, मी समजलो. पण मशीनसाठी नवीन बांधकाम नाई करता येत."

म्हणजे मशीन समोरच्या खोलीतच राहणार होती, शेजाऱ्याच्या खिडकीला लागून.

थंडी सुरू झाली. आमच्याकडे रजयांचा सीझन म्हणजे मशीनला विसावा नसतो, नुसत्या दुपारी चालवून भागत नाही. एका संध्याकाळी शेजारी स्वतः फाटकाशी आला. आत आला नाही.

"भाभी, ते मागची बंद खोली म्हणत होते तुम्ही. बांधून टाका. माहं काही म्हणणं नाई."

मी त्याला नियम सांगितला. शब्दाला शब्द सांगितला.

"असं कसं? मी बोलतो त्याईच्याशी."

"बोला. तुमच्याच अर्जावर पिवळी झाली ना गल्ली?"

"गल्ली माह्या अर्जानं नाई झाली. ते आधीच पिवळी होती."

"मंग तुम्ही नाचत काऊन होते?"

तो गेला. नगरपरिषदेत खरंच गेला असावा, कारण दोन-तीनदा मी त्याला तिकडून हातात पिशवी घेऊन येताना पाहिलं. काही झालं नाही. गल्लीतली एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, आता तरी एकमेकाले सांभाळून घ्या." मी तिला म्हटलं, त्याला आधी माफी मागायला सांगा. तिनं त्यालाही तेच सांगितलं असणार आणि तिकडूनही तेच उत्तर आलं असणार.

जानेवारीत त्याची बायको माहेरी, गोंडपिपरीला निघाली. थंडी संपेपर्यंत तिकडेच राहणार होती. ऑटो दारात उभा होता, तो तिची गादी गुंडाळून वर चढवत होता. आमच्याकडचीच गादी. तिनं तोंडाला पदर लावला होता. आमच्या ओट्याकडे बघून थांबली आणि म्हणाली, "तुम्ही अन् हे, दोघंबी जिंकले, भाभी. मीच एकटी चालली."

ऑटो निघाला. तो पायऱ्यांवर उभा राहून माझ्याकडे बघत होता, जणू मीच तिला घराबाहेर काढलं. मीही त्याच्याकडे तशीच बघत राहिले.

आत आले तर नवरा मशीनजवळ हात बांधून बसला होता. म्हणाला, "आज रहने दे."

"काऊन रहने दे? उद्या गिऱ्हाईक येते, त्याले काय सांगू?"

तो उठला नाही. मी ओढणी तोंडाला बांधली, रुई लावली आणि बटन दाबलं. खिडकीबाहेर पांढरी धूळ उडायला लागली. पलीकडे शेजाऱ्यानं त्याची खिडकी एवढ्या जोरात आपटली की काच फुटल्याचा आवाज आला.